सभेवाचून उरलेली सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, नेकनूरच्या पुढील एका लहान गावाला स्वतःची ग्रामपंचायत मिळाली, त्या वर्षी मला ग्रामसभेसाठी विकत आणले. तोपर्यंत तेथील माणसांना आपले गाऱ्हाणे मांडण्यास शेजारच्या गावी जावे लागे. पहिल्या सभेला जागा पुरेना. तेव्हा पुरुष मातीत बसले आणि स्त्रियांना माझ्यावर बसवले. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले.

पुढे गर्दी ओसरली. नळ आला नाही, रस्ता खचला. मत देऊन काय साधले, असे म्हणत लोकांनी सभेला येणेच सोडले. जो विचारत नाही त्याला उत्तर कोण देणार, हा साधा तर्क कोणी केला नाही. मी कोपऱ्यात गुंडाळून पडले. उंदरांनी माझी किनार कुरतडली.

यंदा निवडणूक आली आणि मला पुन्हा पसरले. ऊसतोडीला जाणाऱ्या शिवकन्येने सदस्यपदासाठी अर्ज भरला होता. तोडणी मजुरांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह निघावे, आपल्या मुलीची, मंजुषाची शाळा सुटू नये, एवढाच तिचा हेतू होता.

गावचे मोठे जमीनदार बद्रीनाथ म्हणाले, “निवडणूक बिनविरोध करू, आमच्याच माणसांचे अर्ज ठिवू. काहून भांडणं लावायची? एकानं ठरवलं की लई सोपं हाय.”

“अन् वसतिगृह?” शिवकन्येने विचारले.

“तुमी सहा महिने कारखान्यावर. तुला हितली काय पंचाईत?”

हशा पिकला. तिचा दीर रामहरीही हसला. “वैनी, मत देऊन काय भेटलं? मागं मतदानाला न्यायला गाडी आलती, जेवण दिलं, तेवढंच.”

“भावजी, गाडी मतासाठी आलती. आपल्या लेकरांसाठी न्हाई.”

बिनविरोधासाठी हात वर करण्यास सांगताच सगळे हात वर झाले, तिच्या घरच्यांचेही. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज मागे घेतला.

वसतिगृह निघाले नाही. ऊसतोडीची टोळी निघाली, तेव्हा बद्रीनाथांनी मला ट्रकमध्ये टाकायला लावले. “आता सभा कशाला? लेकरांना अंथरायला घ्या.” लोकांनी त्यांना दुवा दिली.

आता मी उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पानांच्या खोपटात आहे. मंजुषा पहाटे धाकट्या भावाला माझ्यावर निजवते आणि आईमागे मोळ्या बांधायला जाते. परवा तिने विचारले, “आई, शाळा भरली असंल का गं?” शिवकन्येने कोयता उचलला आणि ती चालू लागली.

मित्रांनो, सभा कंटाळवाणी असते, हे मला मान्य आहे. तिने पोट भरत नाही, हेही खरे. परंतु जेथे विचारायला कोणी बसत नाही, तेथे इतरांनी ठरवलेले लेकरांना सोसावे लागते. तुमच्या गावीही एखादी सतरंजी गुंडाळून पडली असेल. तिला ऊन दाखवा, तिची किनार शिवा आणि घरातल्या थोरांना तिच्यावर नेऊन बसवा. मंजुषाचा भाऊ आता कुशीवर वळला आहे. खालची ढेकळे त्याला टोचू नयेत, एवढेच मी पाहते.