तिसरी बीप

रिमोट माझ्या बहिणीच्या मांडीवर होता आणि त्यातले सेल काढून तिच्याच मुठीत दिलेले होते. तरीही गाडी हलली.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, भावोजींच्या ऑफिसातली माणसं, ओळखीचे-अनोळखी सगळे भिंतीला चिकटून बसले होते. बुटाच्या खोक्याएवढी ती निळी गाडी टेबलाखालून निघाली, खुर्चीला वळसा घालून बहिणीच्या पायाशी आली आणि तिथे अडखळायला लागली. जराशी पुढे जायची, थांबायची, पुन्हा जराशी पुढे. कुणी हुंदके देत चालावं तशी.

"थकला तो," निरोप्या म्हणाला. "किती लांबून येतो, आई."

खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. मी शाळेत विज्ञान शिकवते, भूतबित मानत नाही. पण ती गाडी माझ्या भाच्याची होती, आणि भाचा हिवाळ्यात तापाने गेला होता. त्या घरात त्याची चप्पल अजून दाराशी होती. पंख्याचा वारा लागून पडदा हलला तरी सगळ्यांच्या माना तिकडे वळत.

गेलेल्यांचे निरोप आणतो म्हणून लोक त्याला निरोप्या म्हणत. बुडत्याला काडीचा आधार लागतो, आणि हा माणूस काड्या घेऊन दारोदार फिरायचा. पहिल्या भेटीतच तो शुद्ध करायला म्हणून गाडी घेऊन गेला होता. परत आणली तेव्हा तिच्या वरच्या झाकणाला काळा दोरा गुंडाळलेला होता. दोरा तोडला तर आत्मा विखरेल, अशी ताकीद होती. दर बैठकीआधी तो गाडी घेऊन आतल्या खोलीत जायचा आणि दार लावून मंत्र म्हणायचा. बाहेर आला की झाकणाच्या कडेचं बटण दाबायचा. गाडीतून दोन बीप ऐकू यायच्या, टीं टीं. हा मुलाचा नमस्कार, असं तो सांगायचा.

इथवर मी दात-ओठ खात गप्प बसले होते, कारण गाडी पायाशी आली त्या रात्री बहीण दोन घास जेवायची. पण मागच्या आठवड्यात निरोप्याने नवा निरोप आणला. मुलगा घरात कायमचा राहायला तयार आहे, पण थोरल्या बहिणीची सावली त्याला आडवी येते. तिला आपल्या आश्रमात सेवेला धाडा, म्हणजे वाट मोकळी होईल.

थोरली म्हणजे चिमी, माझी भाची. वय वर्षं पंधरा. दोघा भावंडांनी मिळून ती गाडी सुटे भाग जोडून बनवली होती. तिला शाळेतून काढणार होते, आणि तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, भावाच्या चप्पलेशेजारी. भावोजी आढ्याकडे बघत बसायचे. मी बहिणीला समजवायला गेले तर ती म्हणाली, ताई, तुझं कोणी गेलं नाही.

आजवर चिमीला बैठकीत बसू देत नव्हते. सावली पडेल म्हणून जिन्यात बसवायचे. आज तिला आश्रमात धाडायचा दिवस, म्हणून पहिल्यांदाच तिला आत बोलावलं होतं. गाडी थकून थांबली तसा निरोप्या ती गाडी उचलून पुन्हा आतल्या खोलीत गेला. आता बघा, म्हणाला, सावली जायला निघाली म्हणून याच्या अंगात कसं बळ येतं ते. बाहेर येऊन त्याने बटण दाबलं.

टीं टीं टीं.

"ऐकलंत? नमस्कार झाला, आणि वर आईला हाक."

लोकांनी हात जोडले. बहिणीचे डोळे वाहायला लागले. चिमी मात्र भुतानं धरल्यासारखी पांढरीफटक पडली आणि माझा दंड ओढत मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"मावशी, ती हाक नाही. गाडी सुरू झाली की बॅटरीत किती सेल आहेत ते मोजते. दोन सेलला दोन बीप. याने तीन सेलची बॅटरी घातलीय."

तिने भराभरा सांगितलं. त्यांच्या मोटरला जेवढे व्होल्ट द्यावेत, तेवढे तिचे फेरे वाढतात. एका व्होल्टला मिनिटाला तीन हजार फेरे. दोन सेलचे साधारण सात व्होल्ट, म्हणजे झाले वीस-बावीस हजार. तीन सेल लावले की अकरा व्होल्ट, तेहेतीस हजारांवर. एवढं त्या मोटरला झेपत नाही, ती जळते. आणि हुंदके? बॅटरी उतरली की गाडीतला कंट्रोलर करंट तोडत-तोडत देतो, बॅटरी मरू नये म्हणून.

मी म्हटलं, पण चालवतंय कोण, रिमोट तर तुझ्या आईजवळ आहे. चिमी म्हणाली, गाडी दुसऱ्या रिमोटशी जोडून घेता येते, मग ती पहिल्याचं ऐकत नाही.

मला एकदम त्याचा चेला आठवला. कोपऱ्यात बसायचा, मांडीवर झोळी, आणि उजवा हात कायम झोळीत. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले होते, झोळीतून मेलेलं पोर हाकणारा पहिल्यांदाच बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर गाडी पिसाटल्यासारखी धावत होती. भिंतीवर आपटत होती, वळताना उलटता-उलटता वाचत होती. जळका वास सुटला होता आणि निरोप्या तो परलोकाचा वास म्हणून सांगत होता.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. "महाराज, तुमच्या चेल्याला दोन्ही हात डोक्यावर ठेवायला सांगा. आत्मा चालवतोय ना गाडी? मग याच्या हातांचं काय काम?"

चेल्याने निरोप्याकडे बघितलं. निरोप्याने दरडावलं की अविश्वासाने मुलगा दुखावेल. पण आता सगळे झोळीकडेच बघत होते. भावोजी उठले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस आपणहून उठला, आणि त्यांनी चेल्याचं मनगट धरून हात वर केला.

गाडी जागच्या जागी थांबली. झोळी कलंडली आणि त्यातून रिमोट फरशीवर पडला.

तरी निरोप्या खमक्या. म्हणाला, हे नुसतं साधन, बोलणारा मुलगाच. मागून कुणीतरी मानही डोलावली. मी बीप, सेल, व्होल्ट समजावू लागले, पण बहीण माझ्याकडे बघतच नव्हती. ती चिमीला विचारत होती, तीन बीप म्हणजे तीन सेल ना?

"हो, आई."

"तो लावायचा तीन?"

"एकदाच लावले होते. मोटर जळली, तेव्हा दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलला नाही. मग झाकणाच्या आत त्यानेच लिहून ठेवलं, दोनच्या वर नाही."

बहीण खाली बसली. गाडीला हात लावला तर चटका बसला. तिने काळा दोरा दातांनी तोडला आणि झाकण उघडलं. आत त्याचं वाकडंतिकडं अक्षर होतं आणि त्याच्याखाली ती परकी, फुगलेली बॅटरी.

"माझं पोर आपली मोटर जाळणार नाही," ती निरोप्याला म्हणाली. "तुम्ही जा."

आणि ती ओरडून रडली. मुलगा गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. पाठोपाठ माझ्यावर उखडली, की तू त्याला दुसऱ्यांदा मारलंस. खरं होतं ते तिच्यापुरतं.

चिमीने फुगलेली बॅटरी चिमट्याने काढून, पेटू नये म्हणून गच्चीवर वाळूच्या बादलीत ठेवली. तिच्या बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात गेले.

बायांनो, बाबांनो, दुःख असलं की डोळे मिटतात, हे मला कळतं. पण गेलेल्याचा निरोप कुणी आणला तर निदान एवढं विचारा, की आणणाऱ्याचा हात कुठे आहे? आणि जो निरोप जिवंत लेकराला घराबाहेर काढायला सांगतो, तो कुठल्याच मेलेल्या लेकराचा नसतो.

परवा गेले तर बहीण फरशीवर बसली होती. मोटर थोडक्यात वाचली होती. चिमीने गाडी पुन्हा त्यांच्या रिमोटशी जोडली होती आणि भावाची जुनी बॅटरी लावली होती. टीं टीं. बहीण दचकली. मीही दचकले, कळत असून.

"काय म्हणते गं?" तिने विचारलं.

"सेल मोजते, आई. दोन आहेत."

बहिणीने रिमोटसाठी हात पुढे केला. "मला शिकव," म्हणाली. "हळू चालवते."