तिसऱ्यांदा विचारणारा नगराध्यक्ष

“बर्फ साचला की आधी गाडी काढायला धावू नका. आधी घरामागचा तो पांढरा पाइप मोकळा करा,” असं असेफा देमिसे मला बजावून गेले होते.

तेव्हा ते मत मागायला आले होते. आमच्या न्यू हॅल्डन या छोट्या गावात नगराध्यक्षपदाला उभा राहिलेला माणूस दारात येतो, हवेबद्दल दोन शब्द बोलतो, पत्रक देतो आणि निघतो. हे मात्र घराला वळसा घालून मागे गेले, तळघरातल्या हीटरचा धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपापाशी वाकले आणि नाराजीने मान हलवत परत आले. पाइप फार खाली बसवलाय, म्हणाले. बर्फाने बुजला तर विषारी वायू घरातच कोंडेल, आणि त्याला वास नसतो. मी हो हो म्हटलं. संध्याकाळी नवऱ्याला, कर्टला, सांगून खूप हसले. मतं मागायला आलेला माणूस पाइप बघून गेला!

एरवी मी काळजी करण्यात कुणाला हार जाणारी नाही. जीवशास्त्रात पदवी घेतलेली, त्यामुळे घाबरायला कारणंही इतरांपेक्षा जास्त माहीत. माझी मुलगी इंगा तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिच्या द्राक्षाचे मी चार तुकडे करायची, झोपेत तिच्या नाकापाशी बोट धरून बसायची. पण वायूची सूचना देणारं यंत्र बॅटरी संपत आल्यावर टिकटिकायला लागलं आणि तिची झोपमोड व्हायला लागली, तेव्हा मीच ते काढून खणात टाकलं. काळजीचंही असंच असतं. दहा दारांना कड्या लावते आणि अकरावं सताड उघडं ठेवते.

असेफा त्या निवडणुकीत पडले, आणि सपशेल पडले. गावाचं त्यांच्याशी काही वाकडं होतं असं नाही. तरुणपणी इथिओपियातून मिनियापोलिसला इंजिनिअरिंग शिकायला आलेले, आधी हीटरच्या कारखान्यात नोकरी, मग धान्य वाळवायच्या पंख्यांचा स्वतःचा धंदा. आमच्याकडच्या निम्म्या शेतांवर त्यांचेच पंखे फिरतात. पंखे विकायला येता येता गाव आवडलं, आणि धंदा विकून ते आणि त्यांची बायको अल्माझ इथेच, आमच्या समोर रस्त्यापलीकडे राहायला आले. माणूस लायक होता हे सगळ्यांना कबूल होतं. मग मतं का नाही दिली? ते मला चर्चच्या तळघरात कॉफीचं बघणाऱ्या व्हर्नाने सांगितलं.

“एकदाच आला गं तो,” व्हर्ना म्हणाली. “एकदाच कुणी मागतं का? मला वाटलं, त्याला मनापासून नकोच असेल.”

आमच्याकडची रीतच तशी आहे. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा, कशाला त्रास, म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की, केलीच आहे म्हणता तर वाया कशाला, असं म्हणून दोन कप प्यायचे. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट आणि एकदाच विचारून थांबणारा कंजूष. असेफांनी मोठ्या शहरात धंदा केलेला. तिथे शिकलेले, की एकदा नीट सांगावं, कार्ड द्यावं, माणसाच्या मागे लागू नये. ते प्रत्येक दारात एकदा गेले. लोक म्हणाले, बघू. लोक पुढच्या दोन खेपांची वाट बघत बसले.

त्याच हिवाळ्यात बर्फाचं मोठं वादळ आलं. कर्ट पवनचक्क्यांच्या कामावर पश्चिमेला अडकला होता, रस्ते बंद होते. सकाळी वारा पडला तेव्हा आमच्या मागच्या भिंतीला खिडकीपर्यंत बर्फ टेकलेला होता. माझं डोकं ठणकत होतं. झोप झाली नाही म्हणून असेल, असं मी म्हटलं. इंगा मात्र झोपली होती, कधी नव्हे ती एवढा वेळ. अखेर झोपायला शिकली एकदाची, म्हणून मी देवाचे आभार मानले.

दार वाजलं. असेफा होते, भुवयांवर बर्फ.

“लेकी, सगळं ठीक?”

ठीक आहे, मी म्हटलं, धन्यवाद. काही मदत हवी का, त्यांनी विचारलं. छे छे, मी म्हटलं, तुम्ही कशाला थंडीत उभे राहता. दार लावायला मी हात पुढे केला. दुसरा कुणी असता तर बोलणं तिथेच संपलं असतं.

“आता तिसऱ्यांदा विचारतोय,” ते म्हणाले आणि त्यांनी पाय उंबऱ्यात घातला. “गल्लीतल्या प्रत्येक घरामागून वाफ निघतेय. तुमच्या घरामागून निघत नाहीये. डोकं दुखतंय का?”

“जरासं,” मी म्हटलं.

आमच्या गावात ‘जरासं’ म्हणजे माणूस भिंतीला धरून उभा असतो. त्यांना ते कळत होतं. पुढचं बोलणं झालंच नाही. त्यांनी मला कोटाशिवाय बाहेर ओढलं, आत जाऊन इंगाला पाळण्यातून उचललं आणि स्वतःच्या कोटात गुंडाळून रस्ता ओलांडला. ती गार हवेत एकदा कण्हली, मग संतापून रडली. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. गावचे अग्निशामक स्वयंसेवक रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या गाडीमागून आले, आम्हाला दवाखान्यात नेऊन प्राणवायूवर ठेवलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघी सुखरूप आहात.

घरी आल्यावर मी अल्माझकडे गेले. आभार मानायचे होते. त्यांनी कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या. पहिला कप झाल्यावर मी उठू लागले तर त्यांनी हात धरून खाली बसवलं.

“पहिल्या कपावर उठणारा आमच्याकडे भांडून उठला असं समजतात,” त्या म्हणाल्या. “तीनदा ओततात. तिसरा आशीर्वादाचा. म्हणून तर या माणसाला तुमचं गाव आवडलं. म्हणतो, इथेही लोक तीनदा विचारल्याशिवाय हो म्हणत नाहीत.”

“मग मतं मागताना कुठे गेलं होतं हे शहाणपण?” मी विचारलं.

“धंद्याचा कोट घालून गेला होता ना,” अल्माझ म्हणाल्या. खिडकीशी बसलेले असेफा कान खाजवत राहिले.

वसंतात त्यांच्या अंगणात पाटी लागली, घर विकणे आहे. मुलगा डॅलसला होता आणि अल्माझना नातवंडाजवळ राहायचं होतं. त्याच सुमारास, निवडणुकीत पुन्हा जिंकलेले जुने नगराध्यक्ष ड्वेन यांनी, आता पुरे, मधेच पद सोडतोय, म्हणून जाहीर केलं. उभं राहायला कुणीच तयार नव्हतं. पाणीपुरवठ्याचे पंप शेवटच्या घटका मोजत होते, आणि त्यातलं कळणारा गावात एकच माणूस होता. तोही निघालेला.

ड्वेन जाऊन विचारून आले. असेफा म्हणाले, नको. पुढच्या आठवड्यात व्हर्ना पाव घेऊन गेली. ते म्हणाले, कशाला, कुणी तरुण माणूस बघा. व्हर्ना हात हलवत परत आली आणि मला म्हणाली, “आता तू जा.”

मी घाबरले. दारोदार जाऊन मागणं माझ्या स्वभावात नाही. आणि त्यांचा नकार आमच्या पद्धतीचा होता की खराखुरा, हे मला ठरवता येईना. खराखुरा असला तर मी एका भल्या माणसाला नातवंडापासून तोडत होते. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, मी इंगाला कडेवर घेऊन रस्ता ओलांडला. अल्माझ दारातच होत्या. मी आधी त्यांनाच विचारलं, तुमची हरकत आहे का. त्या म्हणाल्या, मी हिवाळाभर डॅलसला जाऊन राहीन. हा तिथे जाऊन काय करणार, मुलाच्या घरचे नळ तपासणार?

असेफा गॅरेजमध्ये खोकी बांधत होते.

“तिसऱ्यांदा विचारायला आलेय,” मी म्हणाले. पुढचं सगळं पाठ केलेलं विसरले. इंगाने त्यांच्या टोपीला हात घातला.

त्यांनी बराच वेळ हातातली चिकटपट्टी गुंडाळली. मग विचारलं, “अर्ज आणलाय?”

“नाव वगैरे घालून आणलाय.”

“मग वाया कशाला घालवायचा,” ते म्हणाले आणि पेन शोधायला लागले.

या वेळी ते प्रत्येक दारात तीनदा गेले. लोक वैतागले आणि लोकांनी मतं दिली. निवडून आल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी पंपाच्या विक्रेत्याला असं काही घोळात घेतलं, की जुना धंदेवाला जागा झालेला सगळ्यांना दिसला. वायूची सूचना देणारी यंत्रंही त्याच सौद्यात घराघरांत आली. वादळ ओसरलं की स्वयंसेवक आता घरांच्या मागून फिरतात, कुठे वाफ दिसत नाही ते बघत. माझी मुलगी मोठी होतेय, दात पडायला लागलेत तिचे. रोज तिची वेणी घालताना मी त्या माणसाचं नाव मनात घेते.

कर्टच्या बदलीमुळे आम्ही आता दुलुथला असतो. अल्माझ डॅलसला आहेत. असेफांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय आणि घरात ते एकटे आहेत. मी फोन करते तेव्हा म्हणतात, ठीक आहे, कशाला काळजी करतेस. परवाही तेच म्हणाले, पण आवाज मला बरा वाटला नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूने जाणार असाल, तर गावात शिरताच डाव्या हाताला हिरव्या छपराचं घर आहे. जरा थांबा, दार वाजवा. जेवलेत का, पायऱ्यांवरचा बर्फ कुणी काढलाय का, ते बघा. आणि तेवढं मला कळवा.