चौथ्या आरशाचा सूर

"मॅडम, लेसर सुटतो तेव्हा 'प्यू प्यू' असा आवाज का येत नाही?"

हा प्रश्न माझा नव्हता. मी तो सगळ्यांसमोर विचारणार नाही, अशी चिमणी आणि ढब्बू, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, यांनी पैज लावली होती. शाळेने आम्हाला एका प्रयोगशाळेत नेलं होतं. तिथल्या शास्त्रज्ञ बाई नवीन सूक्ष्मदर्शक दाखवत होत्या. त्यात लेसरच्या उजेडात हृदयाच्या जिवंत पेशी धडधडताना दिसतात. पडद्यावर दिसतही होत्या, पण चित्र सारखं थरथरत होतं. तीन आठवडे झाले तरी कारण सापडत नाही, असं बाई म्हणाल्या.

खरं तर मला तिथे तोंडच उघडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विषयनिवडीचा फॉर्म द्यायचा होता. मला फिजिक्स हवं होतं आणि आई-बाबांच्या सह्या अडल्या होत्या. बाबा म्हणायचे, "अगं, प्रयोगशाळेत चिडीचूप बसावं लागतं. तुझ्या घशात भोंगा बसवलाय." आईचंही तेच मत. म्हणून आज गप्प राहून दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. पण ढब्बू कानाशी येऊन म्हणाली, "घाबरलीस ना?" संपलं. मी तो प्रश्न 'प्यू प्यू'सकट खणखणीत विचारला.

सगळे फिदीफिदी हसले. सरांनी डोळे वटारले. बाई मात्र पडद्याकडे बघत होत्या.

"तो आवाज पुन्हा काढ."

"सॉरी मॅडम."

"सॉरी नको, आवाज हवाय."

मी काढला. चित्र असं उडालं, जणू पेशींना उचकी लागली.

"आता खालच्या पट्टीत. थोडा वर. हां, हाच धरून ठेव."

मी 'ऊऽऽ' धरला. चिमणी म्हणाली, "मॅडम, ही दिवसभर धरेल. आम्ही भोगलंय."

टेबलावर छोट्या दांड्यांवर लेसरचा उजेड वळवणारे आरसे बसवले होते. बाई एकेक दांडी चिमटीत धरत गेल्या. पहिली, दुसरी, तिसरी. थरथर चालूच. माझा दम संपत आला. चौथी धरली आणि चित्र जागच्या जागी थांबलं. तिच्या बुडाचा स्क्रू सैल होता. लेसर थंड ठेवणारा पंखा नेमका याच सुरात घुमायचा आणि ही दांडी इमानेइतबारे थरथरून त्याला साथ द्यायची.

बाईंनी स्क्रू आवळला. मी पुन्हा ओरडून पाहिलं, काही हललं नाही. पडद्यावर नुसत्या पेशी धडधडत होत्या, कडा इतक्या स्वच्छ की मी चक्क गप्प झाले.

मग न राहवून विचारलं, "इथे काम करायला शांत असावं लागतं ना?"

"टेबल शांत लागतं," बाई म्हणाल्या. "आम्ही तिघं तीन आठवडे कुजबुजत बसलो, म्हणून तर सापडलं नाही."

घरी आले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा पेपरात डोकं घालून बसले होते. मी फॉर्म दोघांच्या मधोमध ठेवला.

"मी फिजिक्स लिहिलंय, आणि पेनाने लिहिलंय. तुमचं बरोबर आहे, मला गप्प बसता येत नाही. तरीही मी प्रयोगशाळेतच काम करणार. आता आधी कोण सही करतंय, तेवढं तुमचं तुम्ही ठरवा."