तयारीतला जावई

रविवारी सकाळी थेरगावात बबनरावांच्या घरी कांदेपोहे झाले होते आणि पुनावळ्याची मंडळी मुलगी बघायला आली होती. मुलगी योगिनी. निमलष्करी दलाचं प्रशिक्षण संपवून, पासिंग आउट परेड करून ती पहिल्याच रजेवर घरी आलेली. मुलगा रोहिदास. तो तीन वर्षांपासून भरतीची तयारी करत होता. केस बारीक कापून झाले होते, 'भावी फौजी' असा फ्लेक्सही चौकात लागला होता. पळायचं तेवढं राहिलं होतं.

"पोरगं देशासाठी जाणार हाय," मुलाचे वडील यशवंतराव पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. "तवा गाडी पायजे. सनरूफवाली."

"गाडी कशाला?" योगिनीनं विचारलं.

"ग्राउंडवर पळाया जायला. चालत गेलं की पाय दुखत्यात त्याचं."

बबनरावांनी मान डोलावली. चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम करकरून घेतलेला एकुलता एक प्लॉट त्यांनी आधीच विकायला काढला होता. मुलीच्या बापाला एवढं करावंच लागतं, असं त्यांना वाटे. कुणाला वाटत नाही?

"आन नोकरी सोडायची बरं का," मुलाची आई शालनबाई म्हणाली. "एका घरात एकच फौजी शोभतो."

"तो कोण?"

"ह्यो काय, बसलाय की! बरं, जरा चालून दाखव. पायात खोट नसावी."

योगिनी उठली. सावधान झाली. टीव्हीपासून मोरीपर्यंत तेज चल, पीछे मुड, परत. बशा खणखणल्या. खालच्या भाडेकरूनं छताला काठी ठोकली. रोहिदाससमोर तिच्या टाचा खाडकन जुळल्या, तसा तो बशीसकट उभा राहिला.

"माझं झालं. आता हे डांगे चौकापर्यंत पळून येऊ देत. खोट यांच्याही पायात नसावी."

"आत्ताच पोहे खाल्लेत," रोहिदास म्हणाला.

"बबनराव, पोरीला आवरा!" यशवंतराव गरजले. "परेड बघाया न्हाई आलो आमी!"

योगिनी बापाकडे वळली. "बाबा, ट्रेनिंगमध्ये चिखलातून कोपरांवर सरपटले. रडले. पळून यायचंही ठरवलं होतं. तरी पुरं केलं. ते यांच्या दारात गाडी लावायला नाही."

बबनरावांनी तिची खरवडलेली कोपरं पाहिली. आल्यापासून ती त्यांना दिसलीच नव्हती. ते प्लॉटला गिऱ्हाईक शोधत होते.

"प्लॉट विकत नसतो मी," ते म्हणाले. "अन् पोरगी नोकरी सोडत नसती. उठा."

आईबाप इतक्या रागानं निघाले, की मित्राकडून मागून आणलेली गाडी सुरू करताना मुलाला विसरले.

"काका," रोहिदासनं हळूच विचारलं, "रिक्षा कुठं भेटंल?"

"पळत जा," बबनराव म्हणाले.

योगिनी ड्यूटीवर गेली. पोरगी आगाऊ आहे, असं गल्लीनं एकमतानं ठरवलं. महिन्याभरात रोहिदासला दुसऱ्या घरून सनरूफवाली गाडी मिळाली. देणारे आपल्यातलेच होते. अक्षता टाकायला आपण होतो, जिलेबीही छान होती. तयारी अजून चालू आहे.