पाहुण्याच्या पुढ्यातला कोको

"गोळी आधी आणि घास मागून, असं मावशीचं होऊ देऊ नकोस," मालियावहिनीने आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं. ती दवाखान्यात नर्स. "साखर उतरवायची गोळी आहे ती. उपाशीपोटी माणूस उभ्या उभ्या कोसळतं."

"ती काय तान्हं बाळ आहे, वहिनी? भूक लागली की खाईल," फुआतिनो म्हणाली, आणि आठ महिन्यांच्या लेकीच्या मानेवरची मुंगी टिपायला वळली. लेकीच्या अंगावरची मुंगी तिला अंगणाच्या पलीकडून दिसायची.

दुसऱ्या दिवशी गावच्या सभाघरात राजधानीहून, आपियाहून, एक साहेब आले. विषय होता 'लेआवासांच्या आयुष्यातून नेतृत्वाचे सात धडे'. लेआवासा म्हणजे गावचे जुने पुढारी; त्यांना जाऊन तीस वर्षं झाली, तरी घरोघरी त्यांचा फोटो येशूच्या शेजारी असतो. गावचे मुखिया खांबांना पाठ टेकून मांडी घालून बसले. मागे चुलीपाशी पहाटेपासून सालिलो मावशी, फुआतिनोच्या नवऱ्याची मावशी, राबत होती. तरुणपणी तिने खुद्द लेआवासांना रांधून वाढलं होतं. पाहुणे आणि मुखिया जेवून उठल्याशिवाय चुलीपाशी कुणी तोंड उष्टं करत नाही, आणि साहेब काही आवरत नव्हते.

"धडा चौथा!" साहेबांच्या गालात नीरफणस होता. "नेता सर्वांत शेवटी जेवतो!"

हनुवटीवरून नारळाचं दूध ओघळलं. मुखिया माना डोलवत "वा, वा" म्हणाले. फुआतिनोने तोंड फिरवलं. ताट उचलायच्या निमित्ताने ती मागे गेली.

मावशी घामाने निथळत होती आणि रिकाम्या टोपलीवरच्या माशा वारत होती.

"लुसिया, आलीस का गं?" ती म्हणाली. लुसिया तिची बहीण, मरून अकरा वर्षं झालेली.

"मावशी, सकाळी काय खाल्लंस?"

"गोळी."

मागे चुलीत तापले दगड आणि राख. होतं नव्हतं ते सगळं पुढे गेलेलं. नारळ सोलत बसायला वेळ नव्हता.

मुखियांसमोरून जायचं तर कमरेत वाकून, माफी मागत. फुआतिनो ताठ उभ्याने सभेच्या मधून चालत गेली आणि साहेबांच्या पुढ्यातला गोड कोकोचा पेला उचलला.

"अहो बाई, तो माझा—"

"वाक, पोरी!" थोरल्या मुखियाने काठी आपटली. "कुणासमोरून चाललीस? लाज विकलीस काय?"

ती थांबली नाही. मावशीला अजून गिळता येत होतं. घोट घोट करत पेला संपला, तेव्हा कुठे तिने फुआतिनोला फुआतिनो म्हणून हाक मारली.

पंचायतीने फुआतिनोच्या घराला एक डुकरीण आणि माशांचे वीस डबे असा दंड ठोकला. मावशीला दवाखान्यात ठेवलं होतं; तिसऱ्या दिवशी साहेब फोटोवाल्याला घेऊन तिथे हजर. मावशीच्या गळ्यात हात टाकून म्हणाले, "हा आपला आठवा धडा, धाडस! पुढच्या शिबिरात सांगणार मी." केसांच्या तेलाचा वास खोलीभर पसरला. फुआतिनोला त्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. वहिनीचे शब्द कानात होतेच.

साहेब गेल्यावर मावशी फणकारली, "पाहुण्याच्या पुढ्यातलं उचललंस! आता चर्चमध्ये कोणत्या तोंडानं जाऊ मी?" मग भिंतीकडे बघत म्हणाली, "आणि लेआवासा शेवटी-बिवटी काही जेवायचे नाहीत. आल्या आल्या आधी मागे यायचे, चुलीपाशी. आमची तोंडं हलायला लागली की मग पुढे जाऊन बसायचे. सात धडे म्हणे, डोंबलाचे!"

तुमच्याकडे आज काही कार्यक्रम असेल, पुढे भाषण रंगलं असेल, तर हे वाचणं इथेच ठेवा. मागे चुलीपाशी कोण उभी आहे, बघून या. 'जेवलीस का' विचारून परतू नका. ती हो म्हणेल. काय खाल्लं, ते विचारा.