गोधडीचं चौथं टोक

मुलांनो, एक काम करा. समजा, तुम्ही जेवून हात पुसत खोलीत आला आहात आणि तुमच्या टेबलावर, कीबोर्डाच्या शेजारी, अंगठ्याएवढा एक माणूस घोटा चोळत बसला आहे. कमरेला जाडंभरडं धोतर, डोक्याला मुंडासं, चेहरा त्रासलेला. दचकू नका. तोही दचकलेला नाही. मिरजेत शाल्मलीला तो असाच दिसला, तेव्हा तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"तू सोमक ना?"

"आज्ञा, महाराणी," तो म्हणाला. मग घोट्याकडे बघून म्हणाला, "पण आता जरा दमानं."

शाल्मली सहावीत होती आणि सुट्टीत बेबीआत्याकडे राहायला आली होती. आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिला दुपारी खेळायची मुभा होती. खेळ फार प्राचीन काळातल्या लढाईचा. तांबखेट नावाचं कुंभारांचं एक गाव, त्याला दगडविटांचा तट, तटाला एकच वेस, आणि वेशीबाहेर लाल ढालींचं सैन्य. गावात माणसं इतकी थोडी, की सगळी तटावर उभी केली तर विहिरीवर पाणी शेंदायला कोणी उरत नसे. सैन्याचा शेवट मात्र माउस कितीही सरकवला तरी दिसत नसे. तरीही शाल्मलीनं गाव टिकवलं होतं. सोमक हा तिचा वेशीवरचा माणूस. शत्रू ओंडका घेऊन वेस फोडायला आला, की तो वरून दगड टाकायचा.

आता तिची चूक ऐका. स्वयंपाकघरातून आत्यानं हाक मारली, "शालू, पानं वाढलीत!" थोड्या वेळानं दुसरी हाक आली, "वरण निवतंय गं!" या घरात तिसरी हाक नसे. तिसऱ्यांदा आत्या घराचं मेन स्विच बंद करायची. म्हणून शाल्मलीनं घाईघाईनं खेळ सेव्ह केला आणि पळाली. या खेळात सेव्ह करायला जागा एकच. नवं ठेवलं की जुनं गेलं. आणि तिनं ठेवलं ते नेमकं असं: ओंडका वेशीवर आदळलेला, तट हादरलेला, सोमकाचा पाय घसरलेला, आणि तो तटाच्या बाहेरच्या अंगाला, कंगोऱ्याला बोटांनी धरून लोंबकळतोय.

"तू जेवत होतीस तेव्हा बोटं सुटली," सोमक म्हणाला. "बाहेर पडलो. बाहेर म्हणजे इथं." त्यानं टेबलाकडे हात केला.

पडद्यावर लिहून आलं होतं, तांबखेट पडलं. वेस मोडली होती. पाणी वाहणारी धनिका आपल्या दोन लेकरांना पोटाशी धरून विहिरीमागे बसली होती, आणि लाल ढाली तिच्याकडे निघाल्या होत्या.

"थांब हं," शाल्मली म्हणाली आणि तिनं सेव्ह केलेला खेळ परत लोड केला.

टेबलावरचा सोमक नाहीसा झाला आणि पडद्यात परत लोंबकळू लागला. शाल्मलीनं धनिकेला हुकूम दिला. धनिका घागर टाकून पायऱ्या चढू लागली. ती वर पोचली, वाकली, हात पुढे केला, आणि तेवढ्यात बोटं सुटली.

या खेपेला टेबलावर पडलेला सोमक पेन्सिलीएवढा होता. आता त्याचे दोन्ही घोटे सुजले होते. त्याच्या मागं तटही पडद्यातून वीतभर बाहेर आला होता आणि त्यात माउसची एक बाजू चिणली गेली होती.

"महाराणी, हळद मिळेल का?"

तिनं स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणली. ती चिमूट त्याला मांडीवर घेऊन बसण्याइतकी मोठी झाली. घोट्यांना लेप लावून होईपर्यंत शाल्मली थांबली आणि मग तिनं पुन्हा लोड केलं.

तिनं सगळं करून पाहिलं. धनिकेऐवजी तरण्या कुंभाराला पाठवलं. दोघांना पाठवलं. दोघांची पायऱ्यांवर टक्कर झाली. एकदा तिनं कुणालाच पाठवलं नाही, नुसती बघत राहिली. दर वेळी बोटं सुटायची. सोमक बाहेर पडायचा आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा असायचा. त्याच्याबरोबर तट वाढायचा, पायऱ्या वाढायच्या, आणि घर तेवढंच कमी व्हायचं. पुस्तकांचं कपाट तटात गेलं. विटांच्या जागी पुस्तकांच्या पाठी दिसू लागल्या, त्यात तिचा भूगोलही होता. पलंग आतल्या बाजूला गेला आणि त्यावर कुंभारांची मुलं झोपली. लाल ढालवाल्यांनी टेबलाखालून थेट देवघरापर्यंत तळ दिला.

बेबीआत्या केरसुणी घेऊन आली. "हे कोण गं?"

"शत्रू आहेत, आत्या."

"बरं. पाय वर घ्या हो जरा, केर काढायचाय."

शत्रूनं पाय वर घेतले. आत्यानं केर काढला, सुपलीत भरला, आणि कपाटाच्या जागी आलेल्या तटाला हात लावून पाहिला. "ओल आहे भिंतीला," ती म्हणाली. "मी गच्चीवर जाते. गोधड्या वाळल्या असतील. तू येतेस का घड्या घालायला?"

"नंतर येते."

"नको येऊस. मिळेल कोणीतरी."

आत्याचं हे नेहमीचं होतं. तिच्या गोधड्या तिच्या सासूनं शिवलेल्या, लुगड्यांचे थर दिलेल्या, ओल्या झाल्या की दोघांनाही न उचलवणाऱ्या. एकटीला त्यांची घडी येत नसे. मग गच्चीवर जो दिसेल त्याच्या हातात ती टोक द्यायची. "जरा हे टोक धरता का?" गॅसवाल्यानं धरलं होतं, केबलवाल्यानं धरलं होतं. एकदा खालून वरात चालली होती, तेव्हा एक सनईवाला जिना चढून वर आला आणि धरून गेला. या प्रश्नाला नाही म्हणणारं माणूस मिरजेत जन्मलं नाही, असं आत्या सांगायची.

पुढच्या खेपेला सोमक पडला तो टेबलावर मावलाच नाही. तो जमिनीवर पडला आणि बराच वेळ उठला नाही. आता तो शाल्मलीच्या खांद्याएवढा होता. एक हात त्यानं बरगडीवर दाबून धरला होता.

"लागलं?"

"या वेळी लागलं." तो भिंतीला टेकून बसला. आता तो तिला महाराणी म्हणत नव्हता. "पोरी, एक विचारू? पहिल्यांदा मी पडलो तेव्हा तट केवढा होता?"

तिनं आपली बोटं उंचावून दाखवलं. एवढासा.

"आणि आता?"

तिनं मान वर केली. तट छताला लागला होता. छत जरा वर सरकून त्याला जागा देत होतं.

"मुंगी माळ्यावरून पडली तर मरत नाही," सोमक म्हणाला. "माणूस मरतो. तू मला वाचवायला परत नेतेस, आणि दर वेळी मला आणखी उंच टांगतेस."

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी नाही करत लोड. तू इथंच राहा. आत्या तुला जेवायला घालेल."

"काय केलंय आज?"

"वरण-भात. गवारीची भाजी."

"गवार मला आवडते," सोमक म्हणाला. मग त्यानं तटाकडे पाहिलं. मोडलेल्या वेशीतून आतलं दिसत होतं. धनिका विहिरीमागे होती. धाकटं लेकरू घागरीत तोंड घालून स्वतःचाच आवाज ऐकत होतं. लाल ढाली अर्ध्या वाटेवर येऊन थांबल्या होत्या, खेळ संपल्यावर थांबतात तशा. शाल्मली उठली की त्या पुढे निघणार होत्या, हे दोघांनाही कळत होतं.

"ने परत," सोमक म्हणाला.

"पण तू..."

"एकदाच. मात्र या वेळी वर कोणाला पाठवू नकोस. पायऱ्या फार झाल्यात. वरून कोणी पोचत नाही."

शाल्मलीनं नाक पुसलं. माउस तर केव्हाच तटात गेला होता, म्हणून तिनं बोटानं कळ दाबली.

लोड झालं, आणि कॉम्प्युटर तटातला एक दगड झाला. तिनं त्याच्यावर हात फिरवला. तो थोडा गरम होता, बाकी दगडच. आता थांबवायला काही नव्हतं आणि परत न्यायलाही काही नव्हतं. खोली नव्हती, जिना नव्हता, घरातली गच्ची तेवढी उरली होती. लख्ख ऊन होतं. गच्चीच्या मधोमध तांबखेटची वेस उभी होती, खऱ्या लाकडाची, खऱ्या खिळ्यांची, आणि तट वर वर जाऊन पाण्याच्या टाकीच्याही वर गेला होता. तिथं टोकाला कंगोऱ्याला धरून सोमक लोंबकळत होता. त्याचं मुंडासं सुटून खाली पडत होतं. ते पडायलाच कितीतरी वेळ लागला.

गोधड्यांच्या दोऱ्यांमधून लाल ढालवाले उभे होते. ते आता मोठी माणसं झाले होते. त्यांना घाम आला होता. एकाच्या गालावर डास चावल्याचा फोड होता. ओंडका घेतलेले पुढच्या धडकेसाठी पावलापावलानं मागं सरत होते, आणि मागं सरताना आत्याचा चिमट्यांचा डबा पायाखाली येऊ नये म्हणून वळसा घालत होते.

वरून कोणी पोचत नाही. शाल्मलीनं वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"आत्या! सगळ्यांत मोठी गोधडी कुठली?"

"ही काय, लग्नातली." आत्यानं दोरीवरून ती ओढली. "का गं?"

"तो पडणार आहे."

आत्यानं कपाळावर हात धरून वर पाहिलं. "अगं बाई," ती म्हणाली, "कुठलं टोक धरू?"

एक टोक आत्यानं धरलं. एक शाल्मलीनं धरलं. उरलेली दोन जमिनीला लागली होती. शाल्मली आपलं टोक ओढत वेशीपाशी गेली. मोठ्या दाराच्या पोटात एक लहान दिंडी असते, वाकून जाण्यापुरती. तिच्यावर तिनं मूठ आपटली. हुकूम द्यायची सोय आता संपली होती, म्हणून तिनं हाक मारली.

"धनिका! बाहेर ये."

आतून आवाज आला, "दिंडी उघडली तर ते आत येतील."

"हो," शाल्मली म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं. "येतीलही. पण सोमक बाहेर आहे."

मग धनिका लेकरांना काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं, आणि अडसर सरकला. धनिका वाकून बाहेर आली. तिचे हात पाण्यानं सुरकुतलेले होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तिसरं टोक उचललं आणि मागं सरकत सरकत सोमकाच्या खाली जाऊन उभी राहिली.

तिच्यामागं दिंडी उघडीच राहिली. तिच्यातून विहीर दिसत होती, आणि धाकटं लेकरू दिसत होतं. ते घागर डोक्यावर टोपीसारखी घालू पाहत होतं.

"शालू, ताण नाही बसत गं," आत्या म्हणाली. "झोळी होतेय. चौथं कुणीतरी हवं."

सर्वांत जवळ उभा होता तो गालावर फोड असलेला. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात लाल ढाल. त्यानं उघड्या दिंडीकडे पाहिलं. ती त्याच्यापासून दोन ढांगांवर होती. महिनोन्‌महिने ही माणसं तिच्यासाठीच तर थांबली होती. मग त्यानं जमिनीवर पडलेल्या गोधडीच्या टोकाकडे पाहिलं. त्यावर एक जुनी हिरवी चिंधी होती, कुणाच्या तरी लुगड्याच्या काठाची.

शाल्मलीनं हात लांब करून ते टोक उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. दोन टोकं दोन हातांत, आणि मधल्या ओझ्यानं खांदे खाली ओढले जात होते. तिला आठवलं, हे लोक मिरजेचे नाहीत.

"काका," ती म्हणाली, "जरा हे टोक धरता का?"

ओंडकावाले मागं जाऊन थांबले. आता ते पुढे येणार होते. वर सोमकाचा एक हात सुटला. धनिकेनं आपलं टोक मुठीत आणखी एकदा गुंडाळलं.

त्या माणसानं तलवारीकडे पाहिलं, ढालीकडे पाहिलं.

"माझे हात मोकळे नाहीत," तो म्हणाला.

तेव्हा शाल्मलीनं दोन्ही टोकं दातांत घट्ट धरली आणि त्याची ढाल घ्यायला दोन्ही हात पुढे केले.