पाहुण्यानं वाखाणलेली झारी

आमच्या कझाकांत रीतच आहे, पाहुण्यानं घरातली वस्तू वाखाणली की ती त्याला देऊन टाकायची. कुरकुर करायची नाही. म्हणून जाणते पाहुणे आमच्याकडे तोंड सांभाळून बोलतात. हॉवर्डही सांभाळायचा.

हॉवर्ड अमेरिकन, गेन्नादी रशियन. आमच्या देगेलेन डोंगराच्या पोटात सोव्हिएत काळी अणुबॉम्ब फोडायचे. त्या बोगद्यांत बॉम्बचा माल तसाच पडून होता. तो भलत्याच्या हाती लागू नये म्हणून तीन देशांची माणसं मिळून बोगदे काँक्रीटनं बुजवत होती. एकेकाळचे वैरी, पण हे दोघे एकाच जीपमधून यायचे आणि चहात साखर किती यावरून माझ्या घरात भांडत बसायचे. फार गोड दिवस होते ते.

पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी त्यांच्या हातांवर तांब्याच्या झारीनं पाणी घातलं. झारी माझ्या नवऱ्यानं, तोलेगेननं, ठोकून बनवलेली. पगार बंद झाले तेव्हा सगळा गाव बोगद्यांतली तांब्याची केबल ओढून विकायचा, त्यातलंच तांबं. तोलेगेन गेला, झारी राहिली. नातीचं तोंड मी रोज तिच्याच पाण्यानं धुवायची.

पाणी घालताना हॉवर्डच्या कमरेचं यंत्र टिकटिकायला लागलं. त्यानं ते पटकन बंद केलं. गेन्नादीचा चेहरा उतरला. हॉवर्डनं एकदा नातीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आपा, झारी फार सुरेख आहे."

मी झारी छातीशी धरली. "नवऱ्याची आठवण आहे हो ती."

"म्हणूनच सुरेख आहे." त्यानं मान वर केली नाही.

दिली. मनातल्या मनात मेल्याला लाखोली वाहिली. मग खिडकीतून पाहिलं, तर जीपपाशी त्यानं जाड हातमोजे चढवले नि झारी शिशाच्या पेटीत ठेवली.

"पोलिसांना सांगावं लागेल," गेन्नादी म्हणाला. "चोरीची केबल आहे ती."

"कसली केबल? मला भेट मिळालीय."

तेव्हा मला कळलं, ते यंत्र कशाला टिकटिकलं; बोगद्यातल्या त्या तांब्यात बॉम्बचं विष होतं. दुसऱ्या दिवशी हॉवर्ड डॉक्टरीण घेऊन आला. नातीचं रक्त चांगलं निघालं, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.

पुढच्या खेपेला त्यानं बाजारातून पांढरी पत्र्याची झारी आणली. हातांवर पाणी घालताना मीच म्हटलं, "चालू कर रे तुझं ते यंत्र." त्यानं केलं. यंत्र गप्प होतं. आम्ही तिघंही हसत सुटलो.

तोलेगेनची झारी शेवटच्या बोगद्यात काँक्रीटखाली गेली. काम संपलं. हॉवर्ड निरोप घ्यायला आला, तेव्हा मी त्याच्या डोक्यावरच्या घामट, विटक्या टोपीकडे बघून म्हटलं, "टोपी फार छान आहे हो तुझी."

गेन्नादी खो खो हसला. हॉवर्ड हसला नाही. त्यानं टोपी काढली आणि दोन्ही हातांनी मला दिली.

तांब्याची झारी टांगायची त्या खिळ्याला ती टोपी आहे. गेल्या हिवाळ्यात गेन्नादीचा फोन आला, हॉवर्ड गेला म्हणून. आता शुक्रवारी तोलेगेनच्या नावानं तेलात पोळ्या तळते, तेव्हा त्याचंही नाव घेते.

"हा आपला कोण लागायचा?" नात विचारते.

"पाहुणा," मी सांगते.